न सुटणारा बोल्ट : जुन्या ट्रकच्या सुकाणू-दुरुस्तीतील एक पाठ

यंत्रदुरुस्तीच्या पुस्तिकेत काही कामे एका ओळीत आटोपलेली असतात. नट सोडवावा, कॉटर बाहेर काढावा, किंग पिन ठोकून उतरवावी, असे तीन आदेश एकापाठोपाठ येतात आणि वाचणाऱ्यास वाटते की हे काम तासाभराचे आहे. वीस-पंचवीस पावसाळे पाहिलेल्या ट्रकखाली शिरणाऱ्या कारागिराचा अनुभव मात्र निराळा असतो. दिवस मावळतो, पण पहिला आदेशही पुरा झालेला नसतो. पुस्तिका नव्या यंत्राचे वर्णन करते आणि कारागिरापुढे जुने यंत्र उभे असते. या दोहोंमधील अंतराचे एक मोठे कारण म्हणजे गंज.

या पाठात आपण जुन्या ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवरील एका गंजलेल्या बोल्टाचा विचार करणार आहोत. विषय लहान वाटला तरी तो सुकाणू-यंत्रणेशी, म्हणजे कारागीर ज्याला स्टिअरिंग म्हणतो त्या भागाशी निगडित आहे. इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, पण सुकाणूचा सांधा निखळला तर गाडी कोठे जाईल हे चालकाच्या हाती राहत नाही. म्हणून येथे बोल्ट कसाबसा काढणे पुरेसे नाही. तो काढताना शेजारचा एकही भाग दुबळा होता कामा नये.

यंत्रणेची ओळख

भारतातील जुने ट्रक प्रामुख्याने दोन घराण्यांतले. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक-निर्मिती सुरू केली. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. दुसरीकडे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड असे नामकरण झाले आणि मद्रासजवळील एन्नोर येथून ब्रिटिश धाटणीची वाहने बाहेर पडू लागली. एका घराण्यात आट्यांचे माप मिलिमीटरमध्ये, तर दुसऱ्याच्या जुन्या गाड्यांत इंचांमध्ये. हा भेद पुढे आपल्या उपयोगी पडेल.

रचनेत मात्र दोन्हींचे साम्य आहे. पुढचा ॲक्सल हा इंग्रजी 'आय' अक्षरासारखा छेद असलेला घडीव पोलादाचा बीम असतो. त्याच्या दोन्ही टोकांना उभे छिद्र असते. त्यास आपण ॲक्सलचा डोळा म्हणू. या डोळ्यातून किंग पिन नावाचा जाड, कठीण केलेला दांडा उभा बसवलेला असतो. ज्यावर चाक फिरते तो स्टब ॲक्सल या पिनेभोवती डावी-उजवीकडे वळतो. पिन डोळ्यात घट्ट राहावी आणि हालचाल केवळ स्टब ॲक्सलमधील बुशांतच व्हावी, अशी ही योजना आहे. स्टिअरिंग पेटीतून निघालेला ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक एका बाजूच्या स्टब ॲक्सलला वळवते आणि टाय रॉड ती हालचाल दुसऱ्या बाजूस पोचवतो.

किंग पिन डोळ्यात पक्की ठेवण्याचे काम कॉटर करतो. कॉटर हा एक लहानसा आडवा बोल्टच होय. त्याच्या अंगाला एका बाजूने तिरपा सपाट काप दिलेला असतो आणि बारीक टोकाला आटे असतात. किंग पिनेच्या अंगावर खाच असते. नट आवळला की कॉटर पाचरीप्रमाणे आत ओढला जातो, त्याचा सपाट काप खाचेवर दाबून बसतो आणि पिन हलू शकत नाही.

ग्रीस देण्यात हयगय झाली की बुशे झिजतात आणि पिनही झिजते. मग स्टिअरिंग जड जाते, चाक लडबडते आणि टायर एका कडेने खाल्ला जातो. हा दोष ओळखण्याची एक सोपी रीत आहे. चाक जमिनीपासून उचलून ते वर आणि खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर मदतनिसास ब्रेक दाबून धरावयास सांगावे व पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तो कायम राहिला तर किंग पिनेचा समजावा. पिन बदलावयाची ठरली की कॉटर काढणे ओघानेच आले.

बोल्ट धरतो म्हणजे काय होते?

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक लांबलचक चढ होय. १२ मिलिमीटर व्यासाच्या आणि १.७५ मिलिमीटर अंतराचे आटे असलेल्या बोल्टावर हा चढ सुमारे ३ अंशांचा असतो. कोरड्या पोलादावरून पोलाद आपोआप घसरू लागण्यास साधारण ८ अंशांचा उतार लागतो. म्हणून आवळलेला नट स्वतःहून घसरत खाली येत नाही. बोल्ट आपले काम करतो तो या घर्षणाच्या बळावर. साधारण हिशेब असा की, पान्याने लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्टास ताण देण्यात खर्च होतो. उरलेला सारा डोक्याखालच्या आणि आट्यांमधील घर्षणात जातो.

या घर्षणात गंजाची भर पडते. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो आणि तो ज्या लोखंडापासून झाला त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील मोकळी जागा केसाएवढी असते. तेथे फुगणाऱ्या गंजास जाण्यास वाट नसते, म्हणून तो दोन्ही पृष्ठभागांना आवळून धरतो. चाकाने उडवलेला चिखल आणि किनाऱ्यालगतची खारी हवा यांमुळे ही क्रिया वेगाने होते. पुढचा ॲक्सल नेमका या माऱ्याच्या तोंडी असतो.

कॉटरच्या बाबतीत ही पकड दोन ठिकाणी बसते. एक, नट आणि आटे यांच्यामध्ये, आणि दुसरी, कॉटरचे गुळगुळीत अंग व बीमचे छिद्र यांच्यामध्ये. हा भेद ध्यानात न घेतल्याने बहुतेक नुकसान होते. नट हा फिरवून सुटणारा भाग आहे. कॉटर फिरवून सुटत नाही, कारण त्याचा सपाट काप पिनेच्या खाचेत अडकलेला असतो. त्याला पाना लावून पिळणारा कारागीर किंग पिनेशीच झुंजत असतो आणि या झुंजीत कॉटर तुटतो. कॉटर सरळ रेषेत, ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने, मागे ढकलावा लागतो. कोणताही अडकलेला भाग हाती घेताना, त्याने कोणत्या दिशेने सुटावे अशी योजना आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

टाय रॉडच्या बाबतीत याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. त्याच्या एका टोकास उजवे आटे व दुसऱ्या टोकास डावे आटे असतात. रॉड फिरवून चाकांचा कोन जुळवता यावा म्हणून ही सोय. हे ठाऊक नसेल तर माणूस चांगला सांधा गंजलेला समजून उलट अधिक आवळत बसतो.

कामाची पूर्वतयारी

ट्रक सपाट व टणक जमिनीवर उभा करावा. मागील चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. जॅकने पुढचा भाग उचलल्यावर ॲक्सलखाली लोखंडी घोड्या द्याव्यात. विटांच्या चळतीवर गाडी ठेवून खाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे. वीट भार पेलताना पूर्वसूचना न देता फुटते. शिवाय या कामात घणाचे घाव बसणार आहेत, हेही विसरू नये. नंतर चाक उतरवावे. ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्याने पुसावी. डोळ्यांवर चष्मा हवा.

तारेच्या ब्रशाने नट आणि आट्यांचा उघडा भाग स्वच्छ करावा. नटाबाहेर आलेल्या आट्यांवर गंज व माती राहिली तर नट पुढे सरकताना ती आत ओढून घेतो आणि निम्म्या वाटेवर पुन्हा अडकतो. मग गंजात शिरणारे तेल सोडावे. याचा गुण पातळपणात आहे. बारीक फटीत द्रव आपोआप खेचला जातो, त्यास केशाकर्षण म्हणतात. जाड ग्रीस किंवा इंजिन तेल तेथवर पोचत नाही. बाजारात यासाठी तयार फवारे मिळतात. अनेक कारखान्यांत रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडे तेल मिसळून काम भागवतात. तेल कोणतेही असो, त्यास वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी तेल सोडावे, हातोडीने हलके ठोके द्यावेत, रात्री पुन्हा तेल सोडावे आणि पाना सकाळी लावावा.

नट सोडवणे

पाना अचूक मापाचा हवा. सहा कोनांचा बॉक्स पाना सर्वांत चांगला, त्याखालोखाल रिंग पाना. उघड्या तोंडाचा पाना केवळ दोन बाजूंना धरतो व कोपरे गोल करतो. जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करताना मापाचा घोटाळा संभवतो. व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावरील आकडा बोल्टाच्या व्यासाचा असतो, मेट्रिक पान्यावरील आकडा नटाच्या समोरासमोरील बाजूंमधल्या अंतराचा असतो. जवळपासच्या मापाचा पाना चालवून घेतला की नट गोल होतो आणि एका अडचणीच्या दोन होतात.

आता जोराचा हिशेब पाहू. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी माणसाने सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोच्या वजनाइतका जोर लावला तर पीळ १२० न्यूटन-मीटर होतो. त्याच पान्यास १.२ मीटरचा पाइप चढवला तर तोच माणूस ४८० न्यूटन-मीटर पीळ देतो. १२ मिलिमीटरचा मध्यम प्रतीचा बोल्ट १०० ते १३० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळून तुटण्याच्या बेतास येतो. म्हणजे पाइप लावला की बोल्ट तोडण्यास कितीतरी पट पुरेल एवढे बळ हाती येते, आणि ते किती लागले याची जाणीव हातास राहत नाही.

म्हणून प्रथम नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा. आवळताना का होईना, गंजाचा थर फुटला की काम अर्धे झाले. मग थोडे सैल, पुन्हा थोडे आवळ, मध्ये तेल, अशा क्रमाने पुढे जावे. हात लवचीकपणे मागे ढकलला जात असेल तर बोल्ट पिळला जात आहे, सुटत नाही, असे समजून थांबावे. एवढ्याने नट हलला नाही तर नटाचा मोह सोडावा. त्याची किंमत नगण्य आहे. नट फोडण्याचे साधन किंवा धारदार छिन्नी वापरून, एका बाजूने उभा काप घेऊन तो उघडावा. ॲक्सलच्या बीमला छिन्नी लागणार नाही याची काळजी घ्यावी. घडीव भागावरील खोल ओरखडा पुढे भेगेचे बीज ठरू शकतो.

कॉटर बाहेर काढणे

नट सुस्थितीत निघाला असेल तर तो पुन्हा कॉटरच्या टोकाशी पातळी येईपर्यंत चढवावा. म्हणजे घाव आट्यांवर न बसता नटासह साऱ्या टोकावर पसरतो. बीमच्या पलीकडच्या बाजूस, कॉटरच्या तोंडास अडथळा होणार नाही अशा रीतीने, जड लोखंड टेकवून धरावे. अन्यथा घावाचा बराच भाग बीम हलवण्यातच वाया जातो. मग जड हातोड्याचा एकच सरळ आणि भरपूर घाव द्यावा. हलक्या हातोडीचे पन्नास घाव कॉटरचे टोक छत्रीसारखे पसरवतात, आणि पसरलेले टोक छिद्रातून मागे जाऊच शकत नाही. तीन-चार चांगल्या घावांनी कॉटर हलला नाही तर ठोकणे थांबवावे.

यापुढचा मार्ग दाबाचा आहे. इंग्रजी 'सी' आकाराची भक्कम चौकट आणि स्क्रू किंवा हायड्रॉलिक जॅक यांच्या साहाय्याने कॉटरवर सरळ रेषेत दाब द्यावा व तो कायम ठेवून बीमवर हातोडीचा हलका ठोका द्यावा. स्थिर दाब आणि क्षणिक हादरा यांच्या संयोगाने पुष्कळदा मोठ्या आवाजासह कॉटर सुटतो. या वेळी कोणीही त्याच्या समोरच्या रेषेत उभे राहू नये.

हेही निष्फळ ठरल्यास ड्रिल करावे लागते. कॉटरचे बाहेर आलेले टोक कापून सपाट करावे, कानशीने घासावे आणि बरोबर मध्यावर पंचाने खूण करावी. प्रथम ३ किंवा ४ मिलिमीटरचे छिद्र पाडून ते क्रमाक्रमाने मोठे करावे आणि कॉटरची केवळ पातळ नळी शिल्लक ठेवावी. नळी आत दबते व निघते. येथे एक धोका आहे. एका बाजूस कठीण किंग पिन आणि दुसऱ्या बाजूस तुलनेने मऊ बीम असल्याने, मध्य चुकला की ड्रिल मऊ बाजूकडे सरकते आणि बीमचे छिद्र लांबट होते. अशा छिद्रात नवा कॉटर कधीच पक्का बसत नाही. घाईने पाडलेले एक वाकडे छिद्र अख्खा ॲक्सल निकामी करू शकते.

ज्योतीचा मोह

रस्त्याच्या कडेच्या दुरुस्तीच्या दुकानात या टप्प्यावर हमखास गॅसची ज्योत पेटवली जाते. तिच्यामागील तत्त्व खोटे नाही. पोलाद तापले की प्रसरण पावते. १६ मिलिमीटरचे छिद्र २०० अंश सेल्सियसने अधिक तापवले तर त्याचा व्यास सुमारे ०.०४ मिलिमीटरने वाढतो. गंजाची पकड फोडण्यास एवढे पुष्कळ आहे. म्हणून ज्योत लावली की काम झटपट होते, मालक खूश होतो आणि गाडी रस्त्याला लागते.

परंतु ॲक्सलचा बीम, ड्रॉप आर्म, स्टब ॲक्सल व त्यावरील आर्म हे घडीव पोलादाचे भाग कारखान्यात ठरावीक तापमानाने संस्कारित केलेले असतात. त्यांचे बळ त्या संस्कारात असते. ज्योतीखाली भाग लाल होतो तेव्हा तापमान ६०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर गेलेले असते. तेवढ्या उष्णतेने मूळ संस्कार पुसला जाऊन भाग मऊ पडतो, आणि अतितप्त भाग पाण्याने थंड केला तर तो ठिसूळही होऊ शकतो. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. थंड झालेला भाग पूर्वीसारखाच दिसतो, गाडी पूर्वीसारखीच चालते, आणि दोष कधीतरी भरल्या गाडीने घाट उतरताना प्रकट होतो. त्या वेळी ज्योत लावणारा हात तेथे नसतो, चालक असतो.

म्हणून नियम असा की, सुकाणू व ॲक्सलच्या ज्या भागांचा पुन्हा उपयोग करावयाचा आहे त्यांना ज्योत लावू नये. नट टाकूनच द्यावयाचा असला तरी तो तापवण्यापेक्षा फोडणे बरे. ज्योतीचे अन्य धोकेही आहेत. चाकास उष्णता लागून टायर फुटू शकतो, ग्रीसने भरलेली बंद पोकळी दाबाने उडू शकते आणि ब्रेक धुण्याच्या काही क्लोरीनयुक्त द्रवांपासून उष्णतेमुळे विषारी वायू निघतो. बीम पूर्वी कोणी तापवल्याची निळसर-काळी खूण दिसली तर ती मालकास दाखवावी आणि भाग बदलण्याचा सल्ला द्यावा. हा सल्ला खर्चाचा आहे, पण तो न देणे त्याहून महाग पडते.

पुन्हा जोडणी

जुना कॉटर कितीही चांगला दिसला तरी पुन्हा वापरू नये. छिद्र स्वच्छ करून, खाच समोर येईल अशी नवी किंग पिन बसवावी आणि नवा कॉटर मूळ दिशेनेच घालावा. अन्य ठिकाणी बोल्ट बदलावयाचा असल्यास डोक्यावरील अंक पाहावेत. ८.८ या खुणेतील पहिला ८ म्हणजे ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकी ताणशक्ती, आणि दुसरा ८ म्हणजे तिच्या ८० टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. १०.९ खुणेच्या जागी खुणेविना मिळालेला बाजारी बोल्ट घालणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

पुढच्या वेळी बोल्ट गंजू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावण्याची पद्धत आहे. ती चांगली असली तरी तिच्यात एक बारकावा आहे. ग्रीसने घर्षण घटते, म्हणून त्याच पिळाने ताण वाढतो. १२ मिलिमीटरच्या कोरड्या बोल्टास ८० न्यूटन-मीटर पीळ दिला तर सुमारे ३३ किलोन्यूटन ताण येतो. तेल लावलेल्या बोल्टात तोच ४४ किलोन्यूटनपर्यंत जातो. ८.८ प्रतीच्या या मापाच्या बोल्टाची सुरक्षित मर्यादा सुमारे ४९ किलोन्यूटन आहे, म्हणजे फरक उरतो तो थोडका. पुस्तिकेतील पिळाचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहूनच पाना लावावा.

खाचा असलेल्या नटात स्प्लिट पिन घालताना छिद्र जुळले नाही, तर नट मागे सैल करू नये. तो पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घ्यावी. ग्रीस बुशांच्या कडांतून बाहेर दिसेपर्यंत भरावे, चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून अडथळा नाही याची खात्री करावी आणि चाकांचा कोन तपासून घ्यावा. प्रथम रिकामी गाडी मोकळ्या जागेत सावकाश चालवून पाहावी. काही शे किलोमीटर धावल्यावर कॉटरचा नट पुन्हा एकदा तपासावा, कारण नवा भाग आपल्या जागी किंचित बसतो आणि नट सैल पडतो.

या साऱ्या कामात नवी साधने थोडीच लागतात. एक अचूक पाना, पातळ तेल, जड हातोडा, दाब देण्याची चौकट आणि एक रात्र थांबण्याची तयारी एवढे पुरते. त्यांपैकी शेवटची गोष्ट मिळवणे सर्वांत कठीण, कारण उभ्या असलेल्या ट्रकचा प्रत्येक दिवस मालकास खर्चाचा असतो. तेव्हा ग्रीस निपलांची वेळच्या वेळी केलेली साफसफाई, पावसाळ्यानंतर धुतलेला ॲक्सल आणि उघड्या आट्यांवर लावलेले बोटभर ग्रीस, हाच यावरील स्वस्त उपाय होय. आज ही काळजी घेतली, तर पुढे कधीतरी त्याच ट्रकखाली शिरणाऱ्या कारागिरास पुस्तिकेतील ती एक ओळ खरोखर एका तासात पुरी करता येईल.